तोफेआधी खजिना

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतील युरोपीय राजसत्तेवरील लेख वाचला. तोफा आल्या, सरदारांच्या गढ्या ढासळल्या आणि राजे सर्वसत्ताधीश झाले, ही त्यातील मांडणी सुटसुटीत आहे. परंतु तोफा ओतायला आणि गोलंदाजांचे पगार भागवायला पैसा कोठून आला, हा मूळ प्रश्न तीत राहूनच गेला आहे.

फ्रान्सपुरते उत्तर इंग्लंडशी झालेल्या शंभर वर्षांच्या युद्धात सापडते. सातव्या शार्लने १४३९ मध्ये सरदारांना खासगी फौज बाळगण्यास मनाई केली, ‘ताय’ हा कर युद्धापुरता न राहता हळूहळू दरसालचा झाला, आणि १४४५ पासून राजाची कायम पगारी घोडदळाची पथके उभी राहिली. काही बड्या सरदारांनी १४४० मध्ये बंड केले, पण ते फसले. बाकीच्यांनी फारशी खळखळ केली नाही, कारण हा कर त्यांना बहुतांशी माफ होता आणि भरायचा तो रयतेने. इंग्लंडमध्ये मात्र कराची मंजुरी पार्लमेंटच्या हातून सुटली नाही. अकरा वर्षे पार्लमेंटविना कारभार रेटणाऱ्या पहिल्या चार्ल्सलाही स्कॉटलंडशी युद्धाचा खर्च अंगावर येताच १६४० मध्ये ते बोलवावेच लागले.

लेखातील ‘अनियंत्रित’ हा शब्दही जपून वापरायला हवा होता. पैशासाठी फ्रान्सचे राजे सरकारी पदे विकत असत, आणि १६०४ पासून पदाच्या ठरीव किमतीचा साठावा हिस्सा दरसाल भरला की ते पद घराण्यात चालू राही. ज्यांच्या माळ्यावरच्या पेटीत अजून एखादी जीर्ण सनद निघते, अशा आम्हा बडोदेकरांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको: हे वतनच झाले, आणि वतनदाराला काढणे किती कठीण, हे आपल्याकडच्या प्रत्येक राज्यकर्त्याने अनुभवले आहे. पॅरिसच्या अशाच न्यायाधीशांनी १६४८ मध्ये दरबाराला जेरीस आणले. चौदाव्या लुईने पुढे प्रांतोप्रांती ‘अँतांदाँ’ या अधिकाऱ्यांवर भिस्त ठेवली, ती ते पेशवाईतल्या महसूल वसूल करणाऱ्या कमाविसदारासारखे हुकुमाने नेमता आणि हुकुमाने काढता येत म्हणून. जुनी विकलेली पदे मात्र त्यालाही मोडता आली नाहीत, उलट लढायांच्या खर्चासाठी त्याने आणखी विकली.

लेखाच्या शेवटी चौदाव्या लुईच्या तोंडी घातलेले ‘राज्य म्हणजे मीच’ हे वाक्य त्याने उच्चारल्याचा समकालीन पुरावा नाही. पुढील भागात तेवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त इतिहास-शिक्षक
दांडिया बाजार, बडोदे