ताकिकोमी गोहान म्हणजे पुलाव नव्हे

मा. संपादक महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘ताकिकोमी गोहान : शुद्ध शाकाहारी जपानी पुलाव’ या मथळ्याची पाककृती वाचली. लसणीच्या फोडणीवर बासमती परतून, तो मोकळा शिजवून, वरून सोया सॉस घातलेला भात वाईट लागेल असे मी म्हणणार नाही. पण त्याला ताकिकोमी गोहान म्हणता येत नाही, आणि त्यात ‘चमचाभर दाशी पावडर’ घातल्यावर तो शुद्ध शाकाहारीही राहत नाही. नोकरीनिमित्त सात वर्षे ओसाकात राहिले, तेव्हा हा भात शेजारच्या आजींकडून शिकले, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करते.

या भातात फोडणी नसते. त्याची सारी चव ज्या पाण्यात तो शिजतो त्या पाण्यात असते आणि त्या पाण्यालाच दाशी म्हणतात. बाजारात मिळणारी दाशी पावडर बहुधा कात्सुओबुशीची, म्हणजे धुरावून वाळवलेल्या बोनिटो माशाची असते. पाकिटावरचा मजकूर जपानीत असल्याने आपल्याकडच्या गृहिणीला ते कळायला मार्ग नाही. शाकाहारी घरात कोंबू नावाचे वाळवलेले समुद्री शेवाळ आणि सुकी शिइताके अळंबी रात्रभर गार पाण्यात भिजत घालावीत व तेच पाणी वापरावे. जपानी बौद्ध मठांतल्या स्वयंपाकातही अशीच दाशी असते. 1908 साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञांनी नेहमीच्या चवींपलीकडच्या ज्या रुचकर चवीला ‘उमामी’ हे नाव दिले, तिचे मूळ त्यांना कोंबूच्याच पाण्यात सापडले होते. तेल-मसाल्यावाचून हा भात फिका लागत नाही तो त्यामुळे.

तांदूळ आखूड आणि चिकट हवा. आपल्याकडचा इंद्रायणी त्याला पुष्कळ जवळचा आहे. नवा असेल तर पाणी जरा हात राखून घालावे. तांदूळ धुऊन अर्धा तास साध्या पाण्यात भिजवून निथळावा, कारण सोया सॉस आधीच घातला तर त्यातल्या मिठामुळे दाणा पाणी नीट शोषत नाही. 300 ग्रॅम तांदळाला दोन मोठे चमचे सोया सॉस आणि एकेक चमचा मिरिन (स्वयंपाकातले गोडसर तांदळाचे मद्य) व साके (तांदळाचे साधे मद्य) पुरे होते. ओसाका-क्योतोकडे फिकट रंगाचा ‘उसुकुची’ सोया सॉस वापरतात. तो दिसायला सौम्य असला तरी गडद सॉसपेक्षा खारट असतो, हे ध्यानात ठेवावे. (तिकडे या भाताला ‘कायाकु गोहान’ म्हणतात. ‘कायाकु’ या उच्चाराचा दुसरा शब्द बंदुकीच्या दारूसाठी आहे, त्यामुळे पहिल्यांदा खाणावळीबाहेरची पाटी वाचून मी चांगलीच गोंधळले होते.)

पाककृतीत भाज्या तांदळात ‘नीट कालवून घ्याव्यात’ असे म्हटले आहे. मसालेभाताच्या सवयीने मीही पहिल्या खेपेला तेच केले होते. आजी काही बोलल्या नाहीत. भातवाढीने वरचा थर बाजूला सारून त्यांनी मधले कच्चट दाणे मला दाखवले. सॉस व दाशी तांदळात ढवळून झाल्यावर गाजर, अळंबी आणि गरम पाण्याने तेल काढलेल्या तळीव टोफूच्या पट्ट्या वर नुसत्या पसरायच्या असतात, मग खाली पाणी सगळीकडे सारखे खेळते. मूळ भातात गोबो नावाचे लांब, मातकट मूळही असते. पेन्सिलीला टोक काढावे तसे त्याचे कपचे काढून लगेच पाण्यात टाकतात. ते इथे मिळत नाही म्हणून पाककृतीत फ्लॉवर सुचवला आहे, पण त्याच्या उग्र वासापुढे दाशीचा टिकाव लागणार नाही. त्यापेक्षा गोबोवाचून केलेला बरा.

आच बंद केल्यावर भात पंधरा मिनिटे मुरू द्यावा. तान्हे मूल रडले तरी झाकण काढू नये, अशी तिकडे भातासाठी म्हणच आहे. जाड बुडाच्या पातेल्यात तळाला सॉसची खमंग खरवड धरते. तिला ‘ओकोगे’ म्हणतात आणि आजींच्या घरी तिच्यासाठी नातवंडांची भांडणे होत.

पुलाव की गोहान या नावाच्या वादाला जागा देता आली नाही तरी चालेल. दाशी पावडरीत बहुधा मासा असतो, ही दुरुस्ती मात्र येत्या रविवारीच छापावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक, पुणे