जुन्या पाट्या भंगारात घालू नका

महोदय,

निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडच्या जुन्या किराणा दुकानांची डागडुजी निघाली की आधी उतरते ती विडी-तंबाखूची पत्र्याची पाटी. मग ती किलोच्या भावाने भंगारात जाते, नाहीतर शहरातला एखादा व्यापारी चहापाण्याच्या पैशात उचलून नेतो.

मी अशा पाट्या जमवतो. लोखंडी पत्र्यावर काचेची रंगीत पूड भट्टीत सुमारे ८०० अंशांवर वितळवून हे रंग चढवत, म्हणून ऊन-पाऊस खाऊनही लाल तो लालच राहतो. गंज धरतो तो खिळ्यांच्या भोकांपाशी, जिथे टवका उडालेला असतो. कृपा करून त्यावर ऑइलपेंट फासू नका, अ‍ॅसिडने तर मुळीच घासू नका. ओलं फडकं फिरवून लगेच कोरडं करा, बास.

काही पाट्यांवर मराठी आणि कानडी शेजारी-शेजारी नांदतात. विडीवाल्याला सीमावाद परवडणारा नव्हता!

निपाणीची पेठ तंबाखूवरच वाढली. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांचं मोठं आंदोलन झालं तेही इथेच. २००३च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातींना चाप लावला, ते योग्यच झालं. या पाट्या पुन्हा दुकानावर टांगा असं मी म्हणत नाही. नगरपालिकेने एखादी खोली दिली तर माझा संग्रह तिथे ठेवायला मी तयार आहे. वखारींतले जुने तराजू आणि विडी कामगार बायांची सुपं, कात्र्याही कुणी दिल्या तर त्याच खोलीत मावतील.

– एक वाचक, निपाणी