मुग्धाच्या प्रशिक्षण-उड्डाणांविषयी विनायकास पत्र

विश्रामबाग, सांगली

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

तुझे साताऱ्याहून पाठवलेले पत्र मिळाले. मुग्धाचे केबिन क्रूचे, म्हणजे विमानात प्रवाशांची सेवा व सुरक्षा पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांचे, वर्गातले प्रशिक्षण संपले, लेखी व प्रात्यक्षिक परीक्षाही ती उत्तीर्ण झाली, तरी स्वतंत्र ड्यूटी न देता तिला आधी जादा कर्मचारी म्हणून विमानात पाठवणार आहेत. तेव्हा आता शिकायचे राहिले तरी काय, असे तू विचारले आहेस. माझे मत स्पष्ट आहे: ही उड्डाणे हवीतच, आणि ती उरकून टाकली जाता कामा नयेत.

आग, धूर, पाण्यावर उतरणे यांचा सराव खऱ्या उड्डाणात होत नाही, हे तुझे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान पेटले, तेव्हा घोषणा-यंत्रणा बंद पडलेली असतानाही कर्मचाऱ्यांनी मेगाफोनवरून आणि ओरडून सूचना दिल्या, आठपैकी तीनच दारे वापरली आणि आतल्या सर्व ३७९ जणांना बाहेर काढले. अशी तयारी मॉक-अपमध्ये, म्हणजे विमानाच्या प्रतिकृतीत, पुन्हापुन्हा घटवूनच होते. उड्डाणात शिकायचे असते ते नेहमीचे विमान. चाके आत जातानाचा दणका, गॅलीतल्या (विमानातल्या स्वयंपाकघरातल्या) ओव्हनचा वास, उतरण्यापूर्वी बदलणारा इंजिनाचा सूर हे सारे अंगवळणी पडले, तरच एखादा आवाज किंवा वास निराळा असल्याचे ध्यानात येते.

माझी पुतणी या नोकरीत बरीच वर्षे आहे. ती दाराचे उदाहरण देते. निघताना दार लावून स्लाइड, म्हणजे संकटात बाहेर पडायची फुगणारी घसरगुंडी, 'आर्म' करायची (दार उघडताच फुगेल अशी जोडून ठेवायची) आणि समोरच्या सहकाऱ्याने ती तपासायची, एवढेच काम; वर्गात ते कुणालाही जमते. प्रत्यक्षात मात्र त्याच क्षणी कुणी पाणी मागतो, कुणाची बॅग वरच्या कप्प्यात मावत नाही, गॅलीत ट्रॉलीची खिटी लावायची राहिलेली असते. मुक्कामी पोहोचल्यावर स्लाइड 'डिसआर्म' न करता आतून दार उघडले, तर ती काही सेकंदांत फुगून बाहेर पडते आणि खाली कुणी उभे असेल तर त्याला गंभीर इजा होऊ शकते. एवढ्या गडबडीतही हात आणि नजर दारावर ठेवण्याची सवय जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच लागते. मिरजेच्या रुग्णालयात नर्सिंगच्या मुलींना शिकवताना मी हेच पाहत आलो: रबरी हातात अचूक सुई घालणारी मुलगी खऱ्या रुग्णाची शीर शोधताना, नातेवाईक भोवती उभे असले की, बावरते.

मात्र एका बाबतीत तू आणि मुग्धा दोघांनीही जागरूक राहावे. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे दर ५० आसनांमागे किमान एक कर्मचारी लागतो, म्हणजे १८० आसनांच्या विमानात चार. मुग्धा त्या चौघांत धरली जाऊ नये. ती पाचवीच असली पाहिजे. आणि पाचवी मिळाली म्हणून तिला अथपासून इतिपर्यंत ट्रॉलीलाच जुंपले, तर त्याला प्रशिक्षण म्हणता येणार नाही. भरलेल्या, तासाभराच्या उड्डाणात ज्येष्ठांना शिकवायला उसंत नसते, हे मी समजू शकतो. म्हणूनच उड्डाणांच्या नुसत्या संख्येपेक्षा त्यांत एखादे लांबचे, एखादे रात्रीचे असणे मला अधिक मोलाचे वाटते. या दिवसांचा मोबदलाही मिळायला हवा, कारण ते कामच आहे.

मुग्धाला सांग की पहिल्या उड्डाणाआधीच इन-चार्जना (त्या विमानातल्या कर्मचाऱ्यांच्या प्रमुखांना) भेटून, दार स्वतःच्या हाताने, त्यांच्यासमोर लावू द्यावे, अशी विनंती करावी. उड्डाण संपल्यावर काय चुकले हेही त्यांना तिने आपणहून विचारावे आणि त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे. तिला माझ्या पुतणीशी बोलायचे असेल तर कळव, मी दोघींची गाठ घालून देतो.

वहिनींना नमस्कार, मुग्धाला अनेक आशीर्वाद.

तुझा,
श्रीपाद