फरक दिसला नाही, एवढेच म्हणा

महोदय,

‘जिवाणू खताने भाताचे उत्पन्न वाढत नाही’ ही रविवारच्या अंकातील बातमी वाचली. खत घातलेली 20 आणि न घातलेली 20 शेते तपासली, असे बातमीतच आहे. माझा आक्षेप मथळ्याला आहे. खताने अर्ध्या प्रमाण विचलनाइतकी (प्रमाण विचलन म्हणजे शेताशेतांतील उत्पन्नाच्या चढउताराचे माप) वाढ खरोखर होत असली, तरी एवढ्या शेतांवरून ती पकडली जाण्याची शक्यता, म्हणजेच चाचणीची ‘पॉवर’, नेहमीच्या 5 टक्के निकषावर (खताचा परिणाम नसतानाही तो आहे असे म्हणण्याची चूक 5 टक्क्यांवर ठेवून) जेमतेम 34 टक्के भरते. संशोधक सहसा 80 टक्के धरून चालतात. त्यासाठी प्रत्येक गटात 64 शेते लागली असती.

आमच्या खानापूर तालुक्यात बांधाच्या अलीकडे-पलीकडे पोत्याचा फरक पडतो. कुठे पाणी तुंबते, कुठे रानडुकरे घुसतात. त्यात खताचा फरक सहज हरवतो. बरे, निकालानंतर त्यात दिसलेल्या फरकावरूनच पॉवर काढण्यातही अर्थ नाही. तो हिशेब पेरणीआधीचा. आता वाढ एकरी किमान किती व कमाल किती असू शकते, तो पल्ला छापावा.

(मी खत विकत नाही, हेही सांगून टाकतो.)

– एक निवृत्त गणित शिक्षक, खानापूर, जि. बेळगाव