इंजिन कुणाचे, हेही विचारा

महोदय,

गरीब देश परावलंबी का होतात, या चर्चेत आपल्याकडे सगळा भर परकीय कर्जाच्या आकड्यावर असतो. पण फौजेचा खर्च कोण भागवतो आणि हत्याराचे सुटे भाग कुणाच्या हातात आहेत, हे पाहिल्याशिवाय तो आकडा फारसे काही सांगत नाही.

वडोदऱ्याचाच इतिहास घ्या. १८०२ मध्ये गायकवाडांच्या अरब शिबंदीचा, म्हणजे भाडोत्री फौजेचा, पगार थकलेला होता आणि बाकी चुकती झाल्याशिवाय ती हलायला तयार नव्हती. ईस्ट इंडिया कंपनीने फौज आणून तिला बाहेर काढले, थकबाकीसाठी काही कर्ज स्वतः दिले, उरलेल्यासाठी इथल्या सावकारांना हमी दिली. १८०५ च्या तहाने ३,००० पायदळ आणि गोऱ्या तोफखान्याची एक तुकडी अशी कंपनीची फौज कायमची आली. तिच्या खर्चापोटी ११ लाख ७० हजार रुपये उत्पन्नाचे महाल, म्हणजे महसुली परगणे, गेले, आणि परराज्यांशी स्वतंत्रपणे बोलण्याचा हक्कही गेला. हमीचे कर्ज मात्र फिटले नाही. त्याच्या वसुलीसाठी १८२८ मध्ये कंपनीने दुसऱ्या सयाजीरावांचे आणखी महाल जप्त केले. उत्पन्नाचे महाल आधीच गेलेले असताना कर्ज फिटणार तरी कशातून?

आज महाल लिहून द्यावे लागत नाहीत, सुटा भाग अडवला तरी पुरते. पाकिस्तानने पैसे भरलेली २८ एफ-१६ विमाने अमेरिकेने १९९० मध्ये प्रेसलर दुरुस्तीचा, म्हणजे पाकिस्तानकडे अणुबॉम्ब नसल्याची ग्वाही अमेरिकी अध्यक्षांनी दिल्याशिवाय लष्करी मदत रोखणाऱ्या कायद्याचा, आधार घेऊन रोखली. ती ॲरिझोनाच्या वाळवंटात उभी राहिली, आणि १९९८ च्या तडजोडीत परतफेडीचा काही भाग गहू व इतर मालाच्या रूपात ठरला. इजिप्तला दरवर्षी मिळणारी सुमारे १.३ अब्ज डॉलरची लष्करी मदतही बहुतांशी अमेरिकी कारखान्यांकडेच परत जाते.

आपणही यातून सुटलेलो नाही. ८३ तेजस मार्क-१ए विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला, पण त्यांच्यासाठीचे पहिले एफ-४०४ इंजिन अमेरिकेहून यायला मार्च २०२५ उजाडला. विमाने रखडण्याचे ते एक मोठे कारण होते.

म्हणूनच वडोदऱ्यातल्या सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानाच्या प्रकल्पाबद्दल लिहिताना वृत्तपत्रांनी उद्घाटनाच्या छायाचित्रांपाशी थांबू नये. ५६ पैकी ४० विमाने इथे बनणार, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. खासगी कारखान्यात अख्खे लष्करी विमान जोडण्याची देशातली ही पहिलीच वेळ. पण इंजिन कॅनडाच्या प्रॅट अँड व्हिटनीचे आहे. सांगाडा, पंख, केबल यांचे काम आपले कारागीर शिकतील. टर्बाइनची पाती ओतण्याची विद्या मात्र कुणी सहज देत नाही, आणि उष्णतेने आधी झिजतात ती पातीच. ही विमाने काही दशके उडणार. तेवढ्या काळात इंजिने पुन्हा पुन्हा उघडावी लागतील. ती कुठे उघडली जाणार? पुरवठा थांबलाच तर किती महिन्यांचे सुटे भाग हाताशी असतील? संगणकप्रणालीत बदल करण्याचा अधिकार हवाई दलाला आहे का? हे प्रश्न आपल्या वार्ताहरांनी संरक्षण मंत्रालयाला लेखी विचारावेत आणि मिळालेली उत्तरे जशीच्या तशी छापावीत, ही विनंती.

— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा