वाचनालयाच्या संकेतस्थळाची सदोष उभारणी व नष्ट झालेल्या नोंदी यांबाबत तक्रार

दिनांक : ७ जुलै २०२५
पुणे

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
संकेतस्थळ उभारणी व देखभाल सेवा,
पुणे

विषय : वर्डप्रेस या मजकूर व्यवस्थापन प्रणालीवर उभारलेल्या आमच्या संकेतस्थळातील त्रुटी, १० जून रोजी नष्ट झालेल्या ६१२ नोंदी आणि संकेतस्थळाचा पूर्ण ताबा मिळणे याबाबत.

संदर्भ : जुलै २०२४ मधील करार, १८ नोव्हेंबर २०२४ चे हस्तांतर पत्र, आमची ११ जून व २० जूनची ईमेल.

महोदय,

सदाशिव पेठेतील आमच्या सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ आपल्या कंपनीने उभारले असून त्यापोटी ८५,००० रुपये आणि त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर असे एकूण १,००,३०० रुपये आम्ही आपल्याला दिलेले आहेत. शिवाय पहिल्या वर्षाच्या देखभालीचे १२,००० रुपये आगाऊ भरलेले आहेत. ही सगळी रक्कम सभासदांच्या देणग्यांतून उभी राहिली आहे. वरील दोन्ही ईमेलना आपल्याकडून उत्तर आले नाही, म्हणून वाचनालयाचा कार्यवाह या नात्याने हे पत्र लिहीत आहे.

आधी १० जूनविषयी. आमच्या संग्रहात जुन्या दिवाळी अंकांची चार कपाटे आहेत. या अंकांची सूची संकेतस्थळावर असावी, हाच संकेतस्थळ करून घेण्यामागचा आमचा मुख्य हेतू होता आणि तो करारातही नमूद आहे. जानेवारीपासून आमच्या ग्रंथपाल बाई दुपारी बारा ते चार या वेळेत, वाचनालय बंद असताना, एकेक अंक उघडून त्याची नोंद करीत होत्या. मुखपृष्ठ गळून गेलेल्या अंकाचे साल आतल्या जाहिरातींवरून ठरवावे लागे. संपादकीयाखाली शके १८६२ असे असेल तर त्यात ७८ मिळवून १९४० असे लिहावे लागे. पाने इतकी ठिसूळ की उलटताना कडा हातात येत. अशा ६१२ अंकांच्या अनुक्रमणिका, लेखकांच्या नावांसह, त्यांनी पाच महिन्यांत भरल्या.

९ जून रोजी डॅशबोर्डवर, म्हणजे संकेतस्थळाच्या व्यवस्थापनाच्या पानावर, थीमची (संकेतस्थळाचे रूप ठरवणाऱ्या साच्याची) नवी आवृत्ती आल्याची सूचना दिसली, म्हणून बाईंनी अपडेटचे बटण दाबले. त्याबरोबर मराठी फाँट गेला, शीर्षपट्टी गेली, 'नवीन आवक' ही यादी गेली आणि सभासद नोंदणीचा अर्ज दिसेनासा झाला. आम्ही आपल्या कार्यालयात फोन केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपल्या तंत्रज्ञांनी संकेतस्थळ 'पूर्ववत' केल्याचे कळवले, आणि उघडून पाहतो तो ते खरोखरच १८ नोव्हेंबर २०२४ च्या स्थितीला गेलेले होते. ६१२ पैकी एकही नोंद उरलेली नव्हती.

संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या आमच्या एका सभासदांनी दोन रविवार बसून या प्रकाराचा शोध घेतला. त्यांनी सांगितलेली गोष्ट आपल्याला निश्चितच ठाऊक असणार, तरी ती येथे लिहिणे भाग आहे. वर्डप्रेसमध्ये थीम आणि प्लगइन (जादा सोयी पुरवणारे जोड-प्रोग्रॅम) या सर्व्हरवरच्या फाइली असतात, तर लिहिलेला मजकूर डेटाबेसमध्ये असतो. थीमच्या अपडेटने डेटाबेसमधल्या एकाही नोंदीला धक्का लागत नाही. बिघडले होते ते थीमचे फोल्डर. तेवढे एक फोल्डर जुन्या प्रतीतून परत ठेवले असते तर काम भागले असते. आपल्या तंत्रज्ञांनी मात्र फाइलींसोबत सात महिन्यांपूर्वीचा डेटाबेसही चालू डेटाबेसवर चढवला, आणि तसे करण्यापूर्वी चालू डेटाबेसची प्रत काढून ठेवली नाही. दुरुस्तीला हात घालण्याआधी आहे त्या स्थितीची प्रत घ्यावी, हा या कामातला अगदी पहिला नियम आहे. आपल्याकडे असलेला एकमेव बॅकअप हस्तांतराच्या दिवशीचा होता आणि तोही त्याच सर्व्हरवर ठेवलेला होता, ही गोष्टही याच निमित्ताने आम्हांला समजली. देखभालीच्या करारात 'नियमित बॅकअप' असे शब्द आहेत.

आम्ही जाब विचारला तेव्हा आपल्या प्रतिनिधींनी दिलेले उत्तर शब्दशः असे होते : "तुम्ही अपडेट केलंत कशाला? अपडेट करायचं नसतं." या उत्तराला माझा ठाम आक्षेप आहे. थीममध्ये ग्राहकासाठी फेरबदल करायचे असतील तर ते मूळ थीमच्या फाइलींत न करता वेगळ्या चाइल्ड थीममध्ये करावेत, म्हणजे मूळ थीम कितीही वेळा अद्ययावत झाली तरी ते पुसले जात नाहीत; ही पद्धत वर्डप्रेसच्या अधिकृत मार्गदर्शनात स्पष्ट दिलेली आहे. आपण सगळे फेरबदल मूळ थीममध्येच केले होते. अपडेट न करणे हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही, कारण सुरक्षेतली भगदाडे बुजवणारे बदल अपडेटमधूनच येतात. आणि बाईंनी ते बटण दाबू नये असे आपले म्हणणे होते, तर ते बटण त्यांच्यासमोर ठेवायलाच नको होते. वर्डप्रेसमध्ये प्रशासक, संपादक, लेखक अशा वेगवेगळ्या अधिकारांच्या भूमिका मुळातच आहेत. नोंदी भरण्यासाठी संपादकाची भूमिका पुरेशी असते आणि त्या भूमिकेत थीम अपडेट करण्याचा अधिकार नसतो. आपण आमच्या चारही कर्मचाऱ्यांना मिळून प्रशासकाचे एकच लॉगिन दिले, ज्याचे नाव 'अ‍ॅडमिन' होते आणि पासवर्ड वाचनालयाच्या नावापुढे साल जोडून केलेला होता. या सगळ्या प्रकारात दोष त्या बाईंच्या माथी मारला गेला, याचे मला नुकसानीइतकेच वाईट वाटते.

हे सर्व तपासताना संकेतस्थळाची एकूण उभारणीच डोळ्यांखालून गेली. सूचीसाठी साल, संपादक, लेखक, कपाट क्रमांक असे स्वतंत्र रकाने असलेला नोंदीचा वेगळा प्रकार करून देणे अपेक्षित होते, म्हणजे १९४० सालचे सगळे अंक किंवा एखाद्या लेखकाचे सगळे लेख एका शोधात मिळाले असते. आपण प्रत्येक अंकासाठी पेज बिल्डरने (पानाची मांडणी जुळवून देणाऱ्या प्लगइनने) एक सुटे पान करण्याची रीत लावून दिलीत. तो पेज बिल्डर बंद करून पाहिला तर पानावर मजकुराभोवती चौकटी कंसांतल्या सांकेतिक खुणांचे जंजाळ तेवढे दिसते. म्हणजे उद्या आम्ही दुसरी थीम घ्यायची ठरवली तरी आमचा मजकूर त्या एका प्लगइनला बांधलेला राहणार. मजकूर आणि त्याची मांडणी वेगळी राहावी यासाठीच तर मजकूर व्यवस्थापन प्रणाली वापरायची असते.

डॅशबोर्डमध्ये 'साइट हेल्थ' नावाचे पान आहे, जे २०१९ पासून वर्डप्रेसमध्येच येते. ते उघडताच लाल खुणा दिसल्या. हस्तांतर नोव्हेंबर २०२४ मध्ये झाले, आणि सर्व्हरवर पीएचपी (वर्डप्रेस ज्या संगणकीय भाषेवर चालते ती) ७.४ होते, ज्याचा सुरक्षा-आधार २८ नोव्हेंबर २०२२ रोजीच संपलेला आहे. वर्डप्रेसच्या सुरक्षाविषयक लहान अपडेट २०१३ मधील ३.७ या आवृत्तीपासून आपोआप बसतात. ती सोय आपण मुद्दाम बंद करून ठेवली होती. प्लगइन एकूण ३७, त्यांत फिरती चित्रे दाखवणारी ३ आणि अर्ज भरून घेणारी २. यांतील किती आवश्यक होती, याचे उत्तर आपणच द्यावे.

अर्जाविषयी आणखी एक गंभीर बाब आहे. सभासद नोंदणीच्या अर्जाबरोबर घेतलेल्या ओळखपत्रांच्या प्रती चित्रांच्याच सार्वजनिक फोल्डरमध्ये साठत होत्या, आणि त्या फोल्डरचा पत्ता टाकताच कोणालाही, पासवर्डशिवाय, पूर्ण यादी दिसत होती. आमच्या सभासदांनी त्याच दिवशी तो मार्ग बंद केला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तरी अशी हलगर्जी व्हायला नको होती. तोवर ज्यांची आधार कार्डे तेथे होती, त्यांना आता आम्ही काय सांगावे?

मराठीच्या बाबतीत मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण आमचे वाचनालय मराठी आहे आणि येथे झालेले दुर्लक्ष मला फार लागले. शीर्षकांतील अक्षरांमध्ये आपण जादा अंतर सोडले आहे. रोमन अक्षरांना ते शोभत असेल. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते आणि 'दुर्मीळ अंक' हे शीर्षक अक्षरे विखरून पडल्यासारखे दिसते. ओळींतील अंतर इतके कमी आहे की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. संकेतस्थळाची भाषा सेटिंगमध्ये इंग्रजीच ठेवल्यामुळे महिन्यांची नावे इंग्रजीत येतात, आणि याहून वाईट म्हणजे पानाची भाषा इंग्रजी अशी नोंद राहिल्याने स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) मराठी मजकूर नीट वाचू शकत नाही. आमचे दोन सभासद दृष्टिहीन आहेत. वाचनालयाच्या वेळा आपण एका चित्रात लिहून ते चित्र लावले, त्याला पर्यायी मजकूर दिला नाही, त्यामुळे वाचनालय केव्हा उघडते एवढीसुद्धा माहिती त्यांना संकेतस्थळावरून मिळत नव्हती.

पानांच्या दुव्यांचेही तसेच. मराठी शीर्षकावरून दुवा आपोआप तयार होऊ दिला की देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना-मात्रासुद्धा, दुव्यात ९ जागा घेते, आणि वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये त्यासाठी एकूण २०० जागाच आहेत. म्हणजे जेमतेम २२ चिन्हे. 'पुण्यातील जुन्या वाड्यांची छायाचित्रे' आणि 'पुण्यातील जुन्या वाड्यांतील ग्रंथसंग्रह' ही आमची दोन पाने. दोन्हींचे दुवे 'वाड्यां'पाशी तुटले आणि दुसऱ्याच्या शेवटी नुसता २ चा आकडा चिकटला. प्रत्येक पानाला छोटा, अर्थपूर्ण दुवा हाताने देण्याची सवय आपण प्रशिक्षणात लावून द्यायला हवी होती. प्रशिक्षण एकूण चाळीस मिनिटांचे झाले.

शोधयंत्रांना संकेतस्थळाची नोंद घेऊ नका असे सांगणारी वाचन-सेटिंगमधील खूण काम चालू असताना केलेली होती, ती हस्तांतराच्या वेळी काढायची राहिली. सात महिने गूगलवर वाचनालयाचे नाव टाकले तरी आमचे संकेतस्थळ येत नव्हते, आणि आपल्याकडून प्रत्येक वेळी "वेळ लागतो" एवढेच ऐकायला मिळाले.

डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) आमच्या नावावर नोंदलेले नाही, ते आपल्या एका कर्मचाऱ्याच्या ईमेलवर आहे. होस्टिंगचे, म्हणजे संकेतस्थळ ठेवलेल्या सर्व्हरवरच्या जागेचे, लॉगिनही आम्हांला दिलेले नाही. ज्या वास्तूचे पूर्ण पैसे दिले तिच्या किल्ल्या ठेकेदाराच्या खिशात, असा हा प्रकार आहे.

आमची पहिली मागणी नोंदींची आहे. होस्टिंग कंपनीकडे किंवा आपल्या तंत्रज्ञांच्या संगणकावर १० जूनपूर्वीच्या डेटाबेसची एखादी प्रत शिल्लक आहे का, याची चौकशी करून तिचे लेखी उत्तर या पत्रापासून सात दिवसांत द्यावे. अशा प्रती ठराविक मुदतीनंतर पुसल्या जातात, म्हणून या बाबतीत एक दिवसाचाही विलंब आम्हांला परवडणारा नाही. प्रत मिळाली नाही, तर त्या नोंदी पुन्हा भरण्याचा टंकलेखनाचा खर्च आपण सोसावा. अंक उघडण्याचे नाजूक काम बाई स्वतःच करतील, ते इतरांवर सोपवता येणार नाही. आमच्या दाखल नोंदवहीत अंकाचे नाव, साल आणि दाखल क्रमांक आहे, त्यामुळे अंक हरवलेले नाहीत. पण अनुक्रमणिका पुन्हा पानोपान उतरवाव्या लागतील, आणि ती पाने आणखी एकदा उलटणे किती अंकांना सोसेल याची मला काळजी आहे.

दुसरे म्हणजे डोमेन व होस्टिंग वाचनालयाच्या नावावर करून सर्व लॉगिन पंधरा दिवसांत आमच्या स्वाधीन करावीत. त्यानंतर एका महिन्यात चाइल्ड थीम, रकान्यांसह सूची, अद्ययावत पीएचपी, अनावश्यक प्लगइनांची गच्छंती, सर्व्हरबाहेर रोज जाणारा बॅकअप आणि वर लिहिलेल्या मराठीविषयक दुरुस्त्या विनामूल्य कराव्यात. हे काम आधी स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीसाठीच्या वेगळ्या प्रतीवर, करून आम्हांला दाखवावे आणि आमच्या लेखी संमतीनंतरच चालू संकेतस्थळावर न्यावे. बॅकअप घेतला असे नुसते सांगू नये, त्यातून संकेतस्थळ पुन्हा उभे करून आमच्यासमोर दाखवावे. देखभालीचे १२,००० रुपये परत करावेत, कारण ती सेवा मिळालेली नाही. आणि आमच्या ग्रंथपाल बाईंची चूक नव्हती, हे एका ओळीत का होईना, लेखी कळवावे.

या मुदतीत समाधानकारक उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागण्याचा ठराव कार्यकारी मंडळाने ४ जुलैच्या बैठकीत केलेला आहे.

आपला विश्वासू,
कार्यवाह
(कार्यकारी मंडळाच्या वतीने)

सोबत : करार व पावत्यांच्या छायाप्रती, 'साइट हेल्थ' पानाची ९ छायाचित्रे, ४ जुलैच्या ठरावाची प्रत.