कवच चढेल, पण उतरवणार कोण?

महोदय,

लसीच्या कणांवर नॅनोकवच, म्हणजे अतिसूक्ष्म आवरण, चढवले की फ्रीज लागणार नाही, असे हल्ली वरचेवर वाचायला मिळते. माझी सगळी नोकरी नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या आरोग्य केंद्रांवर औषधनिर्माता म्हणून झाली. मे महिन्याच्या उन्हात डब्यात 2 ते 8 अंश राखत, कधी मोटारसायकलवर तर नर्मदाकाठच्या पाड्यांवर बोटीने लस न्यायची म्हणजे काय, हे पाहिले आहे. त्यामुळे दोन शब्द.

कल्पना पोकळ नाही. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात धनुर्वाताच्या लसीतल्या प्रथिनाला सिलिकाचे कवच घालून ते 100 अंशांपर्यंत तापवले, तरी टिकले. ते काम 2017 साली प्रसिद्ध झाले. पण सिलिका उतरवायला आम्लयुक्त फ्लोराइडचे द्रावण लागले. आमच्याकडे तूर-मूग राखेत ठेवतात, लागले की पाखडून, धुऊन घेतात. इतक्या सूक्ष्म कणाला कसले पाखडता!

उपकेंद्रात हे कोण करणार? सिस्टरच ना? बीसीजी आणि गोवर-रुबेलाच्या लसी आजही पावडर स्वरूपात येतात. त्यांचेच द्रावण त्यांत कालवायचे, 4 तासांत संपवायचे, उरलेले फेकायचे. चुकून दुसरे काही सिरिंजमध्ये ओढले गेले तर बाळ जिवाला मुकू शकते. तिथे आणखी एक पायरी नको. टेक्सासमधल्या संशोधकांनी तंबाखूच्या झाडावरल्या विषाणूच्या कणांना जस्ताच्या स्फटिकी जाळीचे कवच घातले. उंदरांना टोचल्यावर ते अंगातच हळूहळू विरघळले. मला ही वाट पटते.

दुसरे, सगळा भर उष्णतेवर. हिपॅटायटिस बी, पेंटा (पाच आजारांवरची एकत्रित लस) या लसींचा घात आमच्याकडे बर्फही करतो. घाईत आईसपॅकला पाणी सुटू न देता लस न्यायचा डबा (कॅरियर) भरला की कुपी गोठून बाद. कुपीवरच्या व्हीव्हीएमचा, म्हणजे उष्णता लागल्याचे दाखवणाऱ्या खुणेचा, चौकोन उष्णतेने काळवंडतो, गोठल्याचे मात्र सांगत नाही. तेव्हा कवचाची परीक्षा भट्टीइतकीच बर्फातही व्हावी, आणि जमल्यास तोरणमाळच्या घाटात, डब्यात हिंदकळत.

तोवर बिघडलेल्या आयएलआरची (लसी ठेवायच्या खास फ्रीजची) दुरुस्ती या बातम्यांच्या भरवशावर कुणी लांबवू नये, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माता, शहादा